आप्पांनी दार वाजवलं

नरसम्मा या भाडेकरू बाईंवर अन्याय झाला तो गेल्या मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. सोलापुरात, अशोक चौकामागच्या दोन खोल्यांच्या घरात. त्या मोरीत अंघोळ करत होत्या. घर सांभाळणाऱ्या एजंटानं स्वतःजवळच्या किल्लीनं दार उघडलं, बुटांसकट आत आला, शिलाई मशीनवर नोटीस ठेवली आणि तिथूनच ओरडून सांगितलं, "मालकांनी सांगितलंय, महिनाअखेर घर खाली करा."

हे नीट लक्षात ठेवा. कारण पुढचं वाचून तुम्ही हसाल, आणि हसण्याच्या नादात हे विसराल.

माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. नुसतं म्हणायला नाही... अंगात येणाऱ्या बाईच्या दारासमोर उभं राहून मी बुवाबाजीविरोधी पत्रकं वाटली आहेत आणि शिव्या खाल्ल्या आहेत. आता भाडेकरूंच्या हक्कांचं काम करते. नोटीस घेऊन नरसम्मा आमच्या संघटनेकडे आल्या म्हणून मी यात आहे.

नोटिशीत कारण होतं भिंतीची ओल. एजंटाचं म्हणणं, बाई घरात धुणं धुते म्हणून भिंत कुजली. अहो, नरसम्मा घरी टॉवेलच्या कडा शिवतात. ओलीमुळं त्यांच्याच गठ्ठ्यांवर काळे डाग पडत होते. चार वेळा त्या स्वतः एजंटाच्या नवी पेठेतल्या ऑफिसात तक्रार घेऊन गेल्या. दर वेळी उत्तर एकच : मालकांना विचारून सांगतो. आणि मग : मालक म्हणतात, चूक तुमचीच.

हे मालक म्हणजे गिरणीतून फिटर म्हणून रिटायर झालेले आप्पा. राहायला पुण्यात, मुलाकडं. नऊ वर्षांत नरसम्मांनी त्यांना एकदाही पाहिलेलं नव्हतं. करार दर अकरा महिन्यांनी व्हायचा, तोही आप्पांच्या कुलमुखत्यारपत्रावर, एजंटाच्या सहीनं.

पुढच्या गुरुवारी मी नोटिशीला उत्तर लिहायला नरसम्मांकडं बसले होते. भर उन्हाची वेळ, अकरा वाजलेले. दार वाजलं. बेल असून कुणीतरी कडी वाजवत होतं. दारात एक म्हातारे. धोतर, तपकिरी टोपी, कपाळावर विभूती, चष्म्याची एक दांडी पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेली. चपला त्यांनी बाहेरच काढल्या होत्या.

"येऊ का आत, यव्वा?" आमच्याकडच्या कानडी वळणात यव्वा म्हणजे आई.

नरसम्मांना वाटलं, हे माझ्या संघटनेतले. मला वाटलं, त्यांच्या नात्यातले. म्हणून दोघींनी या म्हटलं. ते सरळ ओल्या भिंतीपाशी गेले, हात लावून बघितला. कुणीतरी ऐकणारा मिळाला म्हणून नरसम्मा सांगत सुटल्या... मालक म्हणतो आमचीच चूक, मालक म्हणतो घर सोडा.

"मी असं म्हटलंच न्हाई की," म्हातारे म्हणाले.

तेव्हा मला कळलं, हे मालक. आणि खरं सांगते, मी त्यांना झापलं. नऊ वर्षं कुठं होतात, बाईला नोटीस काढताना लाज नाही वाटली, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "येऊ देत न्हवते, यव्वा." आणि हातातल्या काठीनं दारापासूनच्या तिसऱ्या शहाबादी फरशीवर ठोकलं. "हितं खाली नळ हाय. मीच टाकलेला. सांधा गेला असंल. बाईची चूक न्हाई. लिहून घे."

मी लिहून घेतलं. नरसम्मा चहा ठेवायला उठल्या, मी खाली मान घालून शेवटची ओळ पुरी करत होते. वर बघितलं तर कुणी नाही. बाहेर चपलाही नाहीत. समोरचा किराणावाला सकाळपासून दुकानाच्या पायरीवर बसून होता. तो म्हणाला, तुमच्याकडं कुणी आलंच नाही की.

शेजारून सब्बल आणून फरशी उचलली. खाली गंजका लोखंडी नळ, सांध्यातून पाणी झिरपतंय.

मी खूश! आप्पांचा मुलगा किराणावाल्याचा शाळासोबती निघाला. नंबर घेतला, फोन लावला आणि म्हटलं, वडिलांना धन्यवाद सांगा, स्वतः आले म्हणून. तो म्हणाला,

"मॅडम, आप्पा श्रावणात गेले. एजंटाला मी दुसऱ्याच दिवशी कळवलंय."

श्रावणात. आणि मार्गशीर्षात नोटीस, 'मालकांनी सांगितलंय'!

मुलानं फोटो पाठवला. तीच टोपी. चष्म्याला तोच दोरा. नरसम्मांनी फोन हातात घेऊन फोटो मोठा करून पाहिला.

मी सगळं तपासलं. आप्पांना भाऊ नाही. तो नळ मुलालासुद्धा माहीत नव्हता. पण एक गोष्ट त्याला माहीत होती. आप्पा दर वर्षी घर बघायला जातो म्हणायचे आणि एजंट त्यांना फोनवर सांगायचा, तुम्ही येऊ नका, भाडेकरू डोक्यावर बसतात.

रविवारी मुलगा आला. त्यानं एजंटालाही बोलावून घेतलं होतं. एजंट म्हणाला, एवढी घरं सांभाळतो, प्रत्येक गोष्ट मालकाला विचारत बसू का? नरसम्मा त्याला म्हणाल्या, "बरोबर हाय की. मेलेल्याला विचारायला लई लांब जावं लागतंय." मुलानं किल्ली परत घेतली, नोटीस तिथंच फाडली. माणूस मेला की त्याचं कुलमुखत्यारपत्रही संपतं, हे मी एजंटाला कायद्याच्या पुस्तकातून मोठ्यानं वाचून दाखवलं. आता करार थेट नरसम्मा आणि मुलगा यांच्यात झालाय.

आमच्या संघटनेतले दादा म्हणतात, नळाचं लिही, म्हाताऱ्याचं गाळ, लोक आपल्याला वेड्यात काढतील. काढू देत. नरसम्मांनी पाहिलं, मी पाहिलं, उत्तराच्या कागदावर माझ्याच अक्षरात त्यांचे शब्द आहेत. ते कोण होते, कसे आले, मला सांगता येत नाही. आजही नाही. पण जे घडलं ते गाळणार नाही.

आता तुम्ही, घर एजंटाच्या हवाली करून निवांत बसलेले मालक. तुमच्या नावानं तिथं काय बोललं जातंय, माहीत आहे? तुम्ही अजून जिवंत आहात. या रविवारी जा. चपला बाहेर काढा, दार वाजवा आणि विचारा, येऊ का आत?