पॅडलांच्या पोटातलं शिसं

स्वस्थ बसणं कवळीताईला कधी जमलंच नाही. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये तिला चांगली गादीची खुर्ची दिलेली होती, पण ती तिच्यावर पिशवी ठेवायची. मेणात दात बसवताना उभी, गुलाबी हिरड्या घासताना उभी, डबा खातानाही एक पाय दाराकडे. "गावातली निम्मी म्हातारी माणसं हिच्यामुळे हसतात, आणि हिला मात्र हसायला सवड नाही," असं तिचा नवरा आल्यागेल्याला सांगायचा.

तिचा जीव रमायचा तो एकाच ठिकाणी, गावाबाहेरच्या मैदानावर. तिथे काही हौशी माणसं रिमोटवर चालणारी हेलिकॉप्टरं उडवत. खेळणी नव्हेत, पेट्रोलवर धडधडणारी, जेवणाच्या टेबलाएवढी लांब यंत्रं. ताईने ती विद्या शिकून घेतली आणि मग लेकीला शिकवली. लेक आता पंप दुरुस्तीच्या कारखान्यात नोकरीला लागली होती आणि आईपेक्षा कितीतरी पुढे गेली होती. आई हेलिकॉप्टर हवेत शांत उभं करायची. लेक ते उलटं करून, पोट आभाळाकडे ठेवून उडवायची.

भांडण पेटलं ते पॅडलांवरून. मोठ्या पात्यांना आडवा एक बारीक दांडा असतो, फ्लायबार. त्याच्या दोन टोकांना तळहाताएवढी दोन पॅडलं. सगळं यंत्र त्यांच्या कलाने वागतं. पॅडलं जड असली तर हेलिकॉप्टर हवेत शहाण्यासारखं उभं राहतं, पण वळ म्हटलं की सावकाश वळतं. हलकी असली तर रिमोटवरचा अंगठा हलायचा अवकाश, की कललंच.

"पेट्रोलचं मशीन, पाती सावकाश फिरणार. जड लाव," आई म्हणाली. "बघ कसं गुमान उभं राहतं."

"उभंच करायचं तर स्टूल आणते ना, आई! मुळात ते आळशी आहे, म्हणून तर हलकी हवीत. मी सांगितलं की त्याने ऐकायला हवं, विचार करत बसायला नको."

"आणि चुकून सांगितलंस तर?"

"तरी ऐकेल."

"तेच तर म्हणतेय मी!"

"या घरात माझं कुणीच ऐकत नाही," बाबा वर्तमानपत्राआडून म्हणाले. "मला कुठली पॅडलं लावायची तेही ठरवून टाका."

लेकीने हलकीच आणली. त्यांच्यावर रोज संध्याकाळी सराव करून अंगठे तयार केले. कारण मैदानावरचे मास्तर प्रात्यक्षिकांच्या चमूसाठी एक उडवणारा निवडणार होते, आणि या रविवारी ते तिचं उड्डाण बघणार होते. चमूत जायचं हे तिने शाळेत असल्यापासून मनात धरलेलं.

सरावात एकदा यंत्र उलटं असताना लेकीपासून चार पावलांवर इतकं खाली आलं, की पात्यांच्या वाऱ्याने गवत झोपलं. लेकीने ते झटक्यात वर उचललं आणि खो खो हसली.  ताईला मात्र तेव्हापासून कवळी घासायच्या चाकातही फिरती पातीच दिसायची. मिक्सर सुरू झाला तरी दचकायची. "तुम्ही तिला सांगा ना," असं ती नवऱ्याला म्हणायची, आणि तो "तू शिकवलंस, तूच सांग," म्हणून मोकळा व्हायचा. सांगून झालं होतं. सांगून काही होत नव्हतं.

शुक्रवारी ती लेकीची पॅडलं रुमालात गुंडाळून लॅबमध्ये घेऊन गेली. जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली उतरले तेव्हा तिने दात कोरायच्या बारीक ड्रिलने प्रत्येक पॅडलच्या बाहेरच्या टोकाला, पुढच्या जाड कडेत, एक भोक पाडलं. आत शिशाचे छर्रे सारले, वरून हिरडीचं गुलाबी अ‍ॅक्रिलिक ओतलं, घासलं, पांढरा रंग लावून चकचकीत केलं. मग दातांचं सोनं तोलायच्या काट्यावर दोन्ही ठेवून बघितली. तंतोतंत सारखी. बोट फिरवलं तरी जोड लागत नव्हता. आयुष्यभर लोकांच्या तोंडात न दिसणारी कामं केली होती, त्यातलंच हे एक. कितीतरी दिवसांनी तिने डबा खुर्चीत बसून खाल्ला.

संध्याकाळी पॅडलं पुन्हा जागेवर गेली. शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी लेकीला कारखान्यात जादा पाळी होती, त्यामुळे सराव झालाच नाही.

रविवारी सकाळी मैदानावर वारा नव्हता. मास्तर टोपी मागे सरकवून उभे होते. इंजिन धडधडलं, पाती फिरली आणि हेलिकॉप्टर वर चढून डोक्याच्या उंचीवर थांबलं.

"वा! भिंतीला खिळा मारल्यासारखं उभं आहे," मास्तर म्हणाले.

"आज वाराच नाही ना, मास्तर," लेक म्हणाली. ताईच्या जिवात जीव आला. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "बरी आहेस ना? हसतेयस."

मग लेकीने यंत्र पुढे पळवलं आणि मैदानाच्या टोकाला वळवलं. वळण मोठं पडलं, पार झाडांपर्यंत गेलं. लेकीच्या कपाळावर आठी आली. तिने रिमोटची दांडी आणखी दाबली. ताईने ते पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं. लेकीचे अंगठे हलक्या पॅडलांवर तयार झालेले. ती नेहमीच्या वेळी उलटं करणार, नेहमीच्या वेळी सुलटं करायला सांगणार, आणि यंत्र उशिरा ऐकणार. जे शिसं लेकीला वाचवायला घातलं, तेच जमिनीजवळ तिला दगा देणार होतं.

उडवणाऱ्याला हाक मारायची नाही, हा मैदानाचा नियम. लेक लहान असताना हाक मारली म्हणून ताईनेच एका पाहुण्याला मैदानाबाहेर काढलं होतं. हेलिकॉप्टर त्यांच्या दिशेने येत होतं, एका अंगाला कलू लागलं होतं.

"उलटं करू नकोस!" ताई ओरडली. "पॅडलं जड आहेत! मी जड केलीत!"

लेकीने मान वळवली नाही. फक्त दांडी उलट दिशेला वळवली. यंत्र सरळ झालं, हेलकावत आलं आणि गवतावर टेकलं. पाती थांबली.

लेकीने एक पॅडल सोडवलं, तळहातावर तोललं. नखाने कड टोकरली. पांढऱ्या रंगाखालून गुलाबी हिरडी दिसली.

"कवळी बसवलीस तू याला?"

"अगं, मला वाटलं..."

"तुला वाटलं! मला सांगायचंस ना. भांडायचं होतंस. मी तुझ्याशी रोज भांडते ना?"

"सांगून तू ऐकतेस?"

"नाही ऐकत! पण मला कळतं तरी, मी काय उडवतेय ते. आज मला वाटलं, माझेच हात बिघडलेत."

  मास्तरांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "घरचं घरी बघा," ते म्हणाले. "पोरी, दुसरी पॅडलं आहेत? असतील तर सगळ्यांच्या शेवटी उडव. नसतील तर पुढच्या वर्षी ये."

डब्यात हलक्या पॅडलांची जादा जोडी होती. ताई सवयीने पुढे झाली. दोन्ही पॅडलं एका पातळीत आहेत का, हे आजवर तीच बघत आली होती.

"हात लावू नकोस," लेक म्हणाली. आवाज चढवला नाही, आणि तेच ताईला जास्त लागलं. "तिकडे बाबांजवळ उभी राहा."

ताई उभी राहिली. पायांनी माती उकरत, ओढणीच्या टोकाला गाठी मारत, पण उभी राहिली. हेलिकॉप्टर चढलं, कललं, उलटं झालं, आणि पोट आभाळाला दाखवत सगळ्यांच्या समोरून गेलं. तिने डोळे मिटले नाहीत. बाबांनी मात्र मिटले. "झालं का?" ते पुटपुटले. "सुलटं झालं का गं?"

"झालं."

मास्तरांनी लेकीच्या पाठीवर थाप मारली आणि सोमवारपासून सरावाला यायला सांगितलं. ती त्यांच्याशी हसून बोलली. गाडीत मात्र खिडकीबाहेर बघत राहिली.

अर्ध्या रस्त्यात तिने आईकडे तोंड वळवलं.

"यापुढे पॅडलं मी निवडणार, मीच लावणार," ती अखेर म्हणाली. "तू डब्याला हात लावायचा नाहीस. विचारायचं असेल ते विचार."

"बरं."

"नुसतं बरं नको."

"नाही लावणार हात. शप्पथ."  ताई सीटवर पुढे सरकली, मागे झाली, पुन्हा पुढे सरकली. "विचारू एक?"

"काय?"

"आता ही लावलीस, त्यांचे स्क्रू नीट आवळलेस ना?"

बाबांना हसू आवरेना. लेक हसली नाही. "आवळलेत," ती म्हणाली, आणि क्षणभराने, "घरी गेल्यावर परत बघते," असं म्हणून तिने पुन्हा खिडकीकडे तोंड फिरवलं.