साहेबांशी बोलायचं कुणी

आमच्या घरात साहेबांशी बोलायचं काम मामंजींचं होतं. मामंजी म्हणजे माझे सासरे, साताऱ्याच्या कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झालेले. जप्तीच्या मालापासून जज्जसाहेबांच्या खुर्चीपर्यंत सगळं नाझरानंच बघायचं, त्यामुळं साहेब या जातीचा त्यांचा अभ्यास दांडगा होता. पेठेत कुणाच्या मुलाला कुठं चिकटवायचं असो की कुणाची बदली थांबवायची असो, लोक मामंजींकडं येत. मामंजी काळा लांब कोट चढवत, टोपी झटकत आणि निघत.

त्यांची बोलण्याची एक रीत होती. साहेबांपुढं आधी आपल्या माणसाला कमी लेखायचं. "मुलगा तसा मठ्ठच आहे, अक्षर तेवढं बरं. आपल्या पायाशी राहिला तर माणसात येईल." मग साहेबांनी "छे छे, हुशार दिसतो" म्हणायचं आणि काम व्हायचं. आपल्या माणसाचं आपणच कौतुक करणं मामंजींना उघड्या अंगानं बाजारात फिरल्यासारखं वाटे. माझ्या यजमानांना त्यांनी असंच मठ्ठ म्हणून नोकरीला लावलं होतं. लढाई सुरू झाल्यावर यजमान लष्कराच्या कचेरीत कारकून म्हणून गेले आणि आज इथं तर उद्या तिथं असे फिरत राहिले. घरात मामंजी, सासूबाई, मी आणि मुलं.

माझं माहेर सांगलीचं. वडिलांचा हळदीचा व्यापार. दुकानात मी लहानपणापासून ऐकलं ते सगळं उलटं. वडील हळकुंड मोडून गिऱ्हाइकाच्या नाकाशी धरत आणि म्हणत, "असा माल पेठेत दुसरीकडं दाखवा, मी दुकान बंद करतो." त्यात त्यांना लाज वाटत नसे आणि गिऱ्हाइकालाही राग येत नसे. लग्नानंतर साताऱ्यात पहिल्याच सणाला शेजारच्या काकूंनी माझ्या पुरणपोळीची तारीफ केली, तेव्हा मी सरळ म्हणाले, "हो, मला छान जमतात." काकूंचा चेहरा बघण्यासारखा झाला. सासूबाई दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होत्या. त्यानंतर मी जीभ आवरायला शिकले. मन मात्र सांगलीचंच राहिलं.

ट्रेनिंग कॉलेजचं शिक्षण लग्नाआधीच झालं होतं. मुलं जरा हाताशी आल्यावर मी मुलींच्या मराठी शाळेत शिकवायला लागले. आमच्या हेडबाईंना दम्याचा त्रास होता. शेवटचं वर्ष त्या बहुतेक घरीच होत्या आणि शाळा मीच चालवत होते. त्या निवृत्त व्हायची वेळ आली तशी कुजबुज सुरू झाली, की बायकांना कारभार जमत नाही, मुलांच्या शाळेतला एखादा मास्तर हेड म्हणून आणावा.

मला ती खुर्ची हवी होती. हे मी आजही लाजून सांगणार नाही. पुरुष हेडमास्तर आला की थोराड मुलींना घरचे लोक शाळेतून काढणार, हे उघड होतं. सातवीचा वर्ग मी घरोघर फिरून, आयांच्या मिनतवाऱ्या करून जमवला होता. तो वर्षभरात मोडला असता. हे एक कारण झालं. दुसरं असं, की काम मी करायचं आणि हुकूम दुसऱ्यानं सोडायचा, हे मला सोसणारं नव्हतं.

मामंजी म्हणाले, "काळजी करू नकोस. मी साहेबांकडं शब्द टाकतो."

शाळाखात्याचे साहेब नवे होते. वयानं तरुण, धारवाडकडून आलेले. गुळगुळीत बोलण्यात वेळ घालवत नाहीत, अशी त्यांची ख्याती होती. मामंजी कोट घालून गेले आणि तासाभरात हसत परत आले. सासूबाईंकडं चहा मागितला. मला म्हणाले, "झालं समज. अगदी लीन होऊन बोललो."

"काय बोललात?"

"म्हटलं, आमची सून ती काय, चार बुकं शिकलीय एवढंच. एवढ्या शाळेचा भार तिला कुठला झेपायला? पण आपली कृपादृष्टी असली तर ओढेल कशीबशी."

"आणि साहेब काय म्हणाले?"

"ऐकून घेतलं सगळं. मग म्हणाले, समजलं."

जुन्या साहेबांना ठाऊक असे, की मामंजींनी 'झेपणार नाही' म्हटलं की आपण 'झेपेल हो' म्हणायचं असतं. हे साहेब तसं काहीच म्हणाले नव्हते. पण मामंजी इतक्या समाधानानं चहा पीत होते, की माझ्याच्यानं तेव्हा बोलवलं नाही.

चार-सहा दिवसांनी साहेबांच्या कचेरीतला शिपाई मला बाजारात भेटला. कोरेगावकडच्या खेड्यातला, पलटणीतून पेन्शनवर आलेला माणूस. त्याची मुलगी माझ्या सातवीत होती. तो इकडंतिकडं बघून म्हणाला, "आवं बाई, रागावू नगा, पन सांगतो. सायेब हेडक्लार्काला म्हनत हुते, त्या बाईच्या घरचीच मानसं झेपायचं न्हाई म्हनत्यात, तर आपन कशाला बळंच वझं घालायचं? मास्तरच आनायचं ठरतंय. अजून सही जाली न्हाई. काय करायचं आसंल तर बिगी करा. माजी पोरगी मास्तराच्या हाताखाली आमच्या घरात कुनी ठेवायचं न्हाई."

मी भाजी न घेताच घरी आले. मामंजी झोपाळ्यावर होते. मी शिपायाचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "असं कसं? माझी सगळी उमर गेली साहेबांपुढं. कुणी असा शब्दशः अर्थ घेतला नाही."

"ह्यांनी घेतला. मी उद्या जाते."

"तू? कचेरीत? आणि जाऊन सांगणार काय? सासरा खोटं बोलला म्हणून?"

"काय सांगायचं ते मी ठरवीन."

एवढ्या चढ्या आवाजात मी त्या घरात कधी बोलले नव्हते. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं आता मामंजी उठून जाणार. त्यांनी पायानं झोपाळा थांबवला आणि म्हणाले, "एकटी नको जाऊस. मी येतो. बोलणार नाही."

दुसऱ्या दिवशी शाळेला अर्धी रजा टाकून आम्ही निघालो. दोन्ही खांद्यांवरून पदर घेतलेली मी आणि दोन पावलं पुढं मामंजी. शिपायानं आम्हाला आत सोडलं. साहेबांनी टेबलापुढच्या दोन खुर्च्यांकडं बोट केलं. "बसा."

मामंजी साहेबांपुढं जन्मात कधी बसले नव्हते. ते हात जोडून उभेच राहिले. सासरा उभा असताना सुनेनं खुर्चीत बसायचं म्हणजे आमच्या पेठेत वर्षभराची चर्चा. पण साहेबांनी बसा म्हटलं होतं, आणि उभ्यानं मला एवढं बोलणं जमलं नसतं. मी बसले. मामंजींनी माझ्याकडं न बघता भिंतीवरच्या नकाशाकडं बघितलं.

साहेबांनी त्यांनाच विचारलं, "बाईंचं काय म्हणणं आहे?"

मामंजींनी सवयीनं घसा खाकरला. मग दिलेला शब्द आठवून गप्प राहिले. मी तोंड उघडलं, आणि माझ्या तोंडून काय निघावं? "मी काही फार मोठी..." इतकी वर्षं त्या घरात राहून मामंजींची रीत माझ्याही जिभेला चिकटली होती. माझा मलाच संताप आला. मी तिथंच थांबले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"साहेब, ही शाळा मला चालवता येते. गेलं वर्षभर मीच चालवतेय. हेडबाईंना विचारा, तुमच्या तपासणीच्या शेऱ्यात बघा. सातवीचा वर्ग मी उभा केलाय. मास्तर आणलात तर मोठ्या मुली घरी बसतील आणि वर्षाच्या आत तो वर्ग तुम्हालाच बंद करावा लागेल. मला मुख्याध्यापिका करा, म्हणजे तसं होणार नाही."

एवढंच बोलले. पुढं मी पुष्कळ साहेबांशी बोलले, खुर्चीत बसून आणि ठणकावून बोलले, पण सुरुवात तिथं झाली.

साहेब म्हणाले, "तुमचे सासरे तर वेगळंच सांगून गेले."

मला याच प्रश्नाची धास्ती होती. मी म्हणाले, "ते आपल्या माणसाला कधी चांगलं म्हणत नाहीत. मोठ्यांपुढं तर नाहीच नाही. माझ्या यजमानांनाही ते मठ्ठच म्हणाले होते. ती त्यांची अदब झाली. पण काम मला करायचंय, म्हणून मी स्वतः आले."

साहेब हसले नाहीत. त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि मामंजींकडं वळून विचारलं, "मग खरं काय ते तुम्हीच सांगा. झेपेल यांना?"

मामंजींचे हात जोडलेलेच होते. मला त्यांची दया आली आणि भीतीही वाटली. त्यांनी पुन्हा "कशीबशी" म्हटलं असतं तर सगळं संपलं असतं. ते घामानं भिजले होते. मग त्यांनी जोडलेले हात सोडले.

"झेपेल," ते म्हणाले. "साहेब, ही माझ्या मुलापेक्षा हुशार आहे. माझ्यापेक्षाही आहे. माझ्या नाझरकीत मी एवढी माणसं हाताखाली घेतली, हिच्यासारखं काम करणारं एक भेटलं नाही. शाळा काय, कलेक्टरची कचेरी दिलीत तरी चालवील."

साहेब एवढंच म्हणाले, "हे त्या दिवशी सांगितलं असतंत तर माझा आठवडा वाचला असता. बाई, तुमचं नाव वर जाईल."

मोती चौकापर्यंत मामंजी एक अक्षर बोलले नाहीत. मी खुर्चीत बसले याचा राग असेल, असं मला वाटलं. मी "मामंजी" म्हणून हाक मारली, तर त्यांनी हातानंच गप्प बसायची खूण केली आणि चालायचा वेग वाढवला. घाबरलेल्या माणसासारखे ते घर गाठत होते.

घरात पाऊल टाकताच त्यांनी जोडेसुद्धा न काढता सासूबाईंना हाक मारली. "अगं, मीठमोहऱ्या घे. आधी शेगडी पेटव."

सासूबाई धावत आल्या. "पोरं तर शाळेत आहेत. दृष्ट कुणाची काढायची?"

"हिची."

"हिची? हिला कुणाची लागली?"

"माझी," मामंजी म्हणाले. "मी आज साहेबांपुढं हिला तोंड भरून चांगलं म्हटलंय."

सासूबाईंनी मला पाटावर बसवलं. साहेबांपुढं न रडलेली मी तिथं दोन लहान मुलांची आई असून हमसाहमशी रडले. मीठमोहऱ्या माझ्यावरून ओवाळून निखाऱ्यांवर टाकल्या, त्या तडतडल्या. सासूबाईंनी विचारलं, "पण म्हणालात तरी काय एवढं?"

"ते आता पुन्हा तोंडातून काढायचं नाही," मामंजी म्हणाले. मग जवळ येऊन बसले आणि अथपासून इतिपर्यंत सगळं सांगितलं, साहेबांपुढं म्हणाले नव्हते असंही बरंच त्यात घातलं. सासूबाई शांतपणे ऐकत होत्या. त्यांचं सांगून झाल्यावर त्या उठल्या आणि मोहऱ्यांची आणखी एक मूठ घेऊन आल्या.