कविता जप्त करायची आहे

"थोडंसंच काम आहे, नुसतं येऊन जा," असं पोलीस स्टेशनमधून वंदनाताईंना फोनवर सांगितलं होतं. त्या पर्स घेऊन निघाल्याही होत्या. त्यांच्या नवऱ्यानं, मिलिंदनं, मला फोन केला म्हणून थांबल्या.

"जाऊ नका," मी म्हटलं. "आधी माझ्या ऑफिसला या."

मी दिंडोशी कोर्टात क्रिमिनल प्रॅक्टिस करते. मारामाऱ्या, चेक बाउन्स, चारशेवीस, सगळं पाहिलंय. कवितेवरचा एफआयआर मात्र पहिल्यांदाच हातात घेतला.

वंदना गायकवाड कांदिवलीच्या एका प्रायव्हेट शाळेत मराठी शिकवायच्या. घराजवळच्या वाचनालयात महिलांचा कार्यक्रम होता. तिथे त्यांनी स्वतःची एक कविता वाचली. कविता आजीवर होती. आजीच्या लहानपणी गावातल्या देवळात यांच्या जातीला वर चढू देत नसत, म्हणून ती पायरीखाली उभी राहायची. पुढे घर बौद्ध झालं, देवळाशी संबंध संपला. पायरीची गोष्ट मात्र घरात सांगितली जात राहिली.

कुणीतरी मोबाइलवर शूट केलं. त्यातला तुकडा कापून व्हॉट्सॲपवर फिरवला. तुकडा एवढाच:

देवा, तू तरी खाली उतरायचास.
लाज नाही वाटली तुला?
वाटली असेल.
म्हणूनच दगड झालास.

तुकडा तिथे संपत होता. कविता संपत नव्हती.

कलम लागलं होतं नव्या न्याय संहितेचं २९९. जुन्या लोकांना ते २९५-अ म्हणून माहीत आहे. धार्मिक भावना दुखावल्याचं कलम, असं सगळे म्हणतात, पण कायदा नुसतं तेवढं म्हणत नाही. अपमान जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूनं केलेला असावा लागतो. गडबड अशी की हेतू तपासला जातो सगळ्यात शेवटी. गुन्हा अजामीनपात्र, म्हणजे अटक झाली तर पोलीस स्टेशनमधून जामीन मिळत नाही, कोर्टातच यावं लागतं. म्हणून मी अटक व्हायच्या आधीच सेशन्स कोर्टात जामिनाचा अर्ज टाकला.

सुनावणीला वंदनाताई मागच्या बाकावर बसल्या. सरकारी वकील उभे राहिले. "युअर ऑनर, कस्टडी हवी आहे. मूळ कविता जप्त करायची आहे. तिच्या मागे कोण आहे, तेही शोधायचंय."

"तिच्या मागे तिची आजी आहे," मी म्हटलं. कोर्टात कुणी हसलं नाही. जजसाहेबांनी चष्मा काढला.

"मॅडम, मुद्द्यावर या."

"पूर्ण कविता वाचू का? दोन मिनिटं लागतील."

"वाचा. ॲक्टिंग नको."

मी वाचली. नोटीस वाचतात तशी, सपाट. शेवट असा होता:

आता मी आलेय.
ये, इथेच बसू पायरीवर.
तूही दमलास, मीही.

जजसाहेबांनी एफआयआरचे कागद उलटून पाहिले. मग सरकारी वकिलांना म्हणाले, "हे तुमच्या कागदात का नाही?"

"तक्रारदारानं क्लिप दिली, युअर ऑनर. तेवढीच आहे."

जामीन मिळाला. अटी दोन. पोलीस बोलावतील तेव्हा हजर राहायचं. आणि केस संपेपर्यंत या विषयावर जाहीर काही बोलायचं-लिहायचं नाही.

बाहेर व्हरांड्यात वंदनाताईंनी ऑर्डर पुन्हा समजावून घेतली. "म्हणजे मी सुटले ना, मॅडम?"

"तुम्ही सुटलात."

"आणि कविता?"

मी म्हटलं, "ती सध्या आत आहे असं समजा." त्यांनी मान हलवली. मिलिंदनं रिक्षा थांबवली.

शाळेनं आधी सांगितलं, वातावरण निवळेपर्यंत रजा घ्या. मग वर्ग दुसऱ्या बाईंना दिला. काढलं असं कुणी म्हटलं नाही, तसा कागदही दिला नाही. त्यामुळे लढायचं कशाविरुद्ध, हेही ठरेना. सोसायटीत बायका लिफ्टमध्ये बोलायच्या, पण हवापाण्यावर.

अशी केस लवकर मिटवायचा एक रस्ता असतो. तक्रारदारानं माझी हरकत नाही असं लिहून दिलं, तर हायकोर्ट एफआयआर रद्द करू शकतं. त्याला आम्ही क्वॉशिंग म्हणतो. तक्रारदार होते सुर्वे नावाचे, वाचनालयाच्या भागातल्याच गणेशमंडळाचे पदाधिकारी. मी निरोप पाठवला. ते माझ्या बोरिवलीच्या ऑफिसात आले. एकटेच. मी त्यांना पूर्ण कविता दिली. त्यांनी ओठ हलवत वाचली. मग परत वरपासून वाचली.

"वाईट नाय ओ," ते म्हणाले. "शेवटचा माका माहीतच नव्हता."

"मग द्या लिहून."

"तसा कसा देऊ? मंडळाची पोरं माझ्या भरवशावर पोलीस स्टेशनात बसलेली. आता मागे फिरलो तर उद्या मलाच विचारतील, किती घेतलंस. बाईंका सांगा, व्हिडिओवर माफी मागा. दोन वाक्यं. मी दुसऱ्या दिवशी सही करतो."

माणूस खोटं बोलत नव्हता. तेच जास्त अवघड होतं.

मी वंदनाताईंना फोन केला. वकील म्हणून मला जे सांगायला हवं होतं ते सांगितलं. माफीनं केस संपेल, शाळाही कदाचित परत घेईल. मिलिंद मागून म्हणत होता, "माग ना गं, काय होतंय!"

त्यांनी मिलिंदला थांबवलं. मग म्हणाल्या, "मॅडम, नेमकं कशाबद्दल सॉरी म्हणू? आजी तिथे उभी होती, याबद्दल?"

मी सुर्व्यांना कळवलं, माफी मिळणार नाही. "मग कोर्ट बघील," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मी त्यांच्या संमतीशिवायच हायकोर्टात क्वॉशिंगचा अर्ज टाकला. कोर्टानं बघितलं, पण त्याला दोन वर्षांहून जास्त गेली. कधी बोर्डावर नंबर लागला नाही, कधी पोलिसांचं उत्तर तयार नसायचं, कधी बेंच बदललं. अखेर हायकोर्टानं कविता पूर्ण वाचली आणि एफआयआर रद्द केला. अपमानाचा हेतू दिसत नाही, उलट जवळीक दिसते, असं ऑर्डरमध्ये लिहिलं. मला ते वाक्य फार आवडलं. लगेच वंदनाताईंना फोन लावला आणि वाचून दाखवलं.

"छान लिहिलंय," त्या म्हणाल्या. मागून मुलांचा पाढ्यांचा आवाज येत होता. सोसायटीत कुणी मुलं पाठवेना, म्हणून त्या आता मुलुंडला बहिणीच्या घरी प्रायमरीच्या ट्यूशन घेत होत्या.

"आता अट राहिली नाही, ताई. लिहा हवं ते."

"हो," त्या म्हणाल्या. "पण मॅडम, आता ओळ सुचली की आधी सुर्वे दिसतात. मग सरकारी वकील. मग शाळेचा शिपाई, कपाट रिकामं करायला सांगणारा. ते सगळे जाईपर्यंत ओळही गेलेली असते."

ट्यूशनचं पोर रडायला लागलं, त्यांनी फोन ठेवला.

आमच्या धंद्यात ही केस जिंकलेल्यांत मोजतात. ज्युनिअर लोक ती ऑर्डर आता आपल्या केसेसमध्ये लावतात, आणि ती उपयोगीही पडते. मी मात्र या कलमाखालचा नवा क्लायंट आला की त्याला पहिल्याच भेटीत सांगते: कायदा शेवटी बहुतेक तुमच्या बाजूनं उभा राहील. तोवर तुम्ही कसे उरता, ते मला सांगता येणार नाही.