नलूचा सात कप्प्यांचा डबा

मृणालचा फोन आला तेव्हा मी डॉक्टरांच्या क्लिनिकला फोन लावून लाइनवर वीस मिनिटं ताटकळत होते. माझा नंबर जाईल म्हणून मी तिचा फोन कापला. तिने परत केला, मी परत कापला. मग मेसेज आला, ‘मावशी, आई गेली.’ तो मी चारदा वाचला. आदल्याच दुपारी व्हिडिओ कॉलवर नलूने मला झापलं होतं, की कुंदा, तुझ्या गोळ्या संपत आल्यात, डॉक्टरांना फोन कर. तोच फोन मी करत होते. तिचं ऐकत होते, आणि ती नव्हतीच…

नलू पुण्यात सरकारी दवाखान्यात आयुष्यभर फार्मासिस्ट होती. यजमान गेल्यावर ती लेकीकडे, मृणालकडे, इथे परदेशात केलीव्हिलला कायमची राहायला आली. मी इथलं तीस वर्षांचं जुनं खोड, पण कागदपत्रांत पक्की ढ. आमचा आठ-दहा जणांचा म्हाताऱ्यांचा कट्टा दर गुरुवारी पार्कात जमायचा. तिथे एकदा मी औषधं किती महाग झालीत म्हणून कुरकुरत होते. नलूने केमिस्टची पावती हातातून घेतली, चष्मा वर सरकवला आणि म्हणाली, “सरकारी मेडिकेअर म्हणजे फक्त डॉक्टर आणि हॉस्पिटल. औषधं स्वस्त मिळायला कन्सेशन कार्ड वेगळं लागतं. तुझ्याकडे आहे का?” नव्हतं. मला वाटायचं, ती गरिबांची सोय, आपण काय मागायला जायचं! तिने मला शहाणी म्हणून हिणवलं आणि तिथेच बाकावर बसून माझा फॉर्म भरला.

पुढे ते तिचं कामच झालं. कुणाला महागड्या ब्रँडऐवजी तेच औषध साध्या नावाचं मागायला शिकव, कुणाला वर्षभराच्या पावत्या जपायला लाव, म्हणजे ठरावीक खर्चानंतर मिळणारी जास्तीची सवलत हुकायची नाही. प्रत्येकाला तिने गोळ्यांचा सात वारांचा प्लास्टिकचा डबा आणून दिला. रविवारी चहाआधी डबा भरायचा, हा तिचा हुकूम होता. तिच्या स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या पुण्याहून यायच्या, सहा-सहा महिन्यांच्या, भाच्याच्या बॅगेतून. कधी विषय निघालाच तर म्हणायची, “लेकीच्या घरी जेवते तेवढं पुरे. औषधाला जावयाचा पैसा नको.” आम्ही हसायचो. आमच्या पिढीतल्या बायका असल्या बाबतीत अशाच हट्टी, मीही त्यातलीच.

मग कोविड आला. सीमा बंद, भाचा तिकडेच अडकला, पार्सलचा भरवसा उरला नाही. कट्टा मोबाईलच्या चौकोनांत गेला. लॉकडाऊनमध्ये एकदा माझ्या गोळ्या संपल्या आणि केमिस्टकडे जायची माझी छातीच होईना. नलूचं आणि माझं औषध एकच, डोसही तोच. ती मास्क लावून चालत आली, पंधरा गोळ्यांची अख्खी स्ट्रिप माझ्या लेटरबॉक्समध्ये टाकली आणि फुटपाथवरून ओरडली, “माझ्याकडे ढीगभर आहेत गं!” पुढे माझी औषधं केमिस्टने घरपोच पाठवली. तिची स्ट्रिप परत द्यायची राहून गेली.

अंत्यविधी आम्ही स्क्रीनवर पाहिला. आत मोजकीच माणसं, एकमेकांपासून लांब उभी. मेंदूत रक्तस्राव झाला, एवढंच मला कळलं होतं. तीन आठवड्यांनी मृणाल आली ती ड्राइव्हवेमध्येच उभी राहिली. मास्कच्या वर फक्त डोळे दिसत होते. तिने नलूचा डबा माझ्यापुढे धरला आणि एकेक झाकण उघडलं. सोमवारी गोळी. मंगळवारी साखरेची पांढरी बडीशेप. बुधवारी गोळी. गुरुवारी बडीशेप…

“मी रोज चेक करायचे, मावशी. एव्हरी सिंगल डे. झाकणातून भरलेलाच दिसायचा.”

मृणाल सांगत होती, की आईकडे कन्सेशन कार्ड नव्हतंच. नव्याने आलेल्यांना त्यासाठी काही वर्षं थांबावं लागतं. मेडिकेअरमुळे डॉक्टर फुकट होता, पण गोळ्या पूर्ण भावाने घ्याव्या लागल्या असत्या. त्यात जावयाचं कॉन्ट्रॅक्ट सुटलेलं. “आम्ही घेतल्या असत्या गं,” ती म्हणाली. “इतकं काही कठीण नव्हतं. तिने नुसतं सांगायचं होतं.” त्यामुळेच हे झालं का, ते डॉक्टरांनाही ठामपणे सांगता येईना. आयुष्यभर लोकांना बजावलं, की एकही दिवस गोळी चुकवू नका, आणि स्वतः… मला नलूचा राग आला. खरंच आला, अजून आहे. तिने मला विचारलं होतं, तुझ्याकडे कार्ड आहे का. मी तिला हे कधीच विचारलं नाही.

त्या दिवशी मृणालला एक गोष्ट सांगायचं मला धैर्य झालं नाही. ती घरी परतल्यावर मी ड्रॉवर उघडला. नलूची स्ट्रिप तिथेच होती, पुण्याच्या दुकानाचा शिक्का मारलेली. अकरा गोळ्या मी खाल्ल्या होत्या, स्वस्तात मिळायचं कार्ड पर्समध्ये असताना. चार उरल्या होत्या.

रविवारी चहाआधी मी माझा डबा भरते. त्या चार गोळ्या त्यात टाकवत नाहीत, फेकवतही नाहीत. मृणाल, तू ही पुरवणी वाचतेस, मला ठाऊक आहे. वाचून झालं की ये. तुझ्या आईचे ते चार दिवस माझ्याकडे आहेत.