जाऊबाईंच्या कमरेवरची खपली

मुलांनो, माझी धाकटी जाऊ तापाने गेली, एवढंच मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं. त्यातली माझी चूक सांगायची राहिली.

पावसाळा सरताना ती शिंदखेड्याजवळच्या शेतातून म्हशीसाठी गवत कापून आणायची. ताप उतरेना, म्हणून तिला धुळ्याला माझ्याकडे आणलं. अंग पुसताना कमरेवर, निऱ्या खोचतात तिथे, मला काळी खपली दिसली. चिवट तापावर गावात अजूनही तापवलेल्या विळ्याचा डाग देतात. मी भडकले.

"शिकल्यासवरल्या घरातली तू, आणि डाग घेतेस?"

"नई वं अक्का, कोनी डाग नई दिधा. माले ते दुखतबी नई."

"मग काय आपोआप उगवला?"

डॉक्टरांसमोर मला त्या डागाची लाज वाटली. मी तो झाकूनच ठेवला. पाच दिवसांनी तिला दवाखान्यात भरती केलं, तेव्हा नर्सला तो दिसला.

डॉक्टर म्हणाले, "हा गवतातल्या बारीक किड्याचा चावा आहे. त्यातून शिरलेले जंतू आपल्याच पेशींत लपतात. बाहेर पडतानाही त्याच पेशीचं आवरण पांघरून निघतात, म्हणून शरीराच्या पहारेकऱ्यांना ते घरचेच वाटतात. बाहेरून दिसणारी खूण म्हणजे ही खपली. आधी दाखवली असती, तर साध्या गोळ्यांनी भागलं असतं."

मी तिच्या कानाशी वाकून म्हटलं, "पटलं गं मला." तेव्हा ती शुद्धीवर नव्हती, आणि पुन्हा आलीही नाही.