मॅडमचा नकाशा आणि आमगाववाली

गोंदियाजवळच्या मुर्रीच्या केवलराम टेंभरेला रस्ते लक्षात राहत नाहीत. भाड्याची गाडी चालवणाऱ्याबद्दल असं सांगणं म्हणजे पोहता न येणाऱ्या नावाड्याबद्दल सांगण्यासारखं आहे, पण ते खोटं नाही. अर्धं आयुष्य तो राइस मिलमध्ये एका यंत्रासमोर उभा होता. धान वरून यायचं, तांदूळ खालून जायचा, कोंडा बाजूला उडायचा. जग त्याच्यापाशी येऊन पुढे निघून जायचं, त्याला कुठे जावं लागत नसे. घर ते मिल हा एकच रस्ता, आणि तो सायकललाच पाठ होता.

मिल बंद पडली तेव्हा त्याने गोंदियातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरची जुनी गाडी घेतली. गाडी चालवणं जमलं. अडचण वेगळीच निघाली. दोन-तीन वळणं झाली की त्याच्या डोक्यातल्या दिशा हंड्यातल्या पाण्यासारख्या हिंदकळायच्या आणि बराच वेळ स्थिर व्हायच्या नाहीत. विचारायची त्याला लाज वाटे. मिलमध्ये कच्चा कारागीरच शेजारच्याला विचारत असे, हे त्याच्या अंगात मुरलं होतं.

त्याला तारलं गाडीतल्या पडद्याने. स्टिअरिंगच्या बाजूला नकाशा उमटायचा, त्यावर एक निळा बाण, आणि एक बाई शुद्ध हिंदीत सांगायची, ‘सौ मीटर के बाद बाएँ मुड़ें.’ केवलराम तिला मॅडम म्हणे. मोबाईलवरही नकाशा असतो हे त्याला माहीत होतं. पण जंगलाकडे रेंज गेली की मोबाईल कोरा पडे, आणि रेंज असली तर नेमक्या वळणावर घरून दुर्पताचा, म्हणजे बायकोचा, फोन येई. मॅडम गाडीच्या पोटातच राहायची. तिला रेंज लागत नसे.

दुर्पता म्हणे, “माह्यं एक आयकत नाई. थे म्हणते डावीकडं, तं डावीकडं.”

“थे चिडत नाई ना,” केवलराम म्हणे.

खरंच, मॅडम चिडायची नाही. रस्ता चुकला तरी त्याच आवाजात परत सांगायची. फक्त ती म्हातारी होत चालली होती. गाडी सुरू केली की पडद्यावर एक ओळ यायची: आपका मैप पुराना है. खाली दोन चौकोन, ‘अपडेट करें’ आणि ‘बाद में’. केवलराम रोज ‘बाद में’वर बोट ठेवायचा. अपडेट फुकट नव्हतं. दर वर्षी एका नव्या टायरएवढी रक्कम मोजायची, आणि पुढच्या वर्षी पुन्हा. टायर हाताने चाचपता येतो. नकाशात काय नवं आलं हे चाचपायचं कुठे?

एकदा तो बिरसीच्या विमानतळाकडून वैमानिकीच्या दोन विद्यार्थ्यांना घेऊन निघाला. नव्या वळणरस्त्याला लागल्याबरोबर निळा बाण रस्ता सोडून पांढऱ्या कोऱ्या जागेत शिरला आणि तिथूनच पुढे सरकत राहिला. विद्यार्थी हसू लागले. “अंकल, टेकऑफ हो गया क्या?” केवलरामही हसला. पण पोरं उतरून गेल्यावर तो बराच वेळ त्या बाणाकडे बघत बसला. खाली डांबर होतं, चाकांना ते कळत होतं. वर नकाशात काहीच नव्हतं. मग आपण आत्ता होतो कुठे? मॅडमच्या हिशेबाने तो कुणाच्या तरी शेतातल्या धानाच्या बांधीतून गाडी हाकत आला होता.

ही गोष्ट त्याला सोडेना. गोंदियात गाड्यांच्या दुकानात भुपेंद्र नावाचा माणूस या पडद्यांचं काम बघतो. केवलराम त्याच्याकडे जाऊन बसला.

“नवीन नकाशात जुना रस्ता राहते का मिटते?”

“रस्ता तुटला असेल तर मिटते, काका.”

“तुटला हे त्याईले कोण सांगते?”

“कंपनी बघते वरून. सॅटेलाइट.”

“मुर्रीत कोणी आलता का पाह्याले?”

भुपेंद्र वैतागला. “काका, तुम्हाला अपडेट घ्यायचं आहे की परीक्षा? बायपास पाहिजे, नवीन पूल पाहिजे, तर घ्या. रोज मुर्री ते स्टेशन जायचं असेल तर कायले पैसे घालवता?”

उत्तर सरळ होतं. पण आपण पुढे कुठे कुठे जाणार आहोत, हेच केवलरामला माहीत नव्हतं.

ते कळायची वेळ लवकरच आली. गोंदियातल्या डोळ्यांच्या एका दवाखान्याला वर्षभरासाठी गाडी हवी होती. गावोगावच्या म्हाताऱ्यांना मोतीबिंदूसाठी आणायचं आणि पट्टी बांधून परत सोडायचं. डॉ. प्रेरणा यांनी त्याला बोलावलं. त्या म्हणाल्या, “एक दिवस काम करून दाखवा. विक्की नावाचा दुसराही एक जण आहे. मला वेळेवर पेशंट पाहिजे, बाकी काही नाही.” वर्षभराचं बांधलेलं काम म्हणजे रोज सकाळी स्टेशनासमोर गिऱ्हाइकाची वाट पाहणं संपणार होतं. नाही मिळालं तर दुर्पताने गाडी विकायचा विषय काढलाच होता. गिऱ्हाइकांकडून येतं त्यापेक्षा पेट्रोलला जास्त जातं, असं तिचं म्हणणं, आणि त्याला तिच्याशी वाद घालता आला नव्हता.

काम करून दाखवायच्या दिवशी सकाळी दवाखान्यातल्या कैलाशचा फोन आला. “काका, आमगाववाली जमुनाबाई को लाना है. घर राइस मिल के पीछे. उनकी शुगर आज कंट्रोल में है, दो बार ऑपरेशन टल गया. डॉक्टर मॅडम जेवायच्या वेळेपर्यंत आहेत, मग नागपूरला निघतील.”

केवलराम खूश झाला. आमगाववाली जमुनाबाई! राइस मिलच्या मागे! ती तर मुर्रीतच, त्याच्या जुन्या मिलच्या मागच्या गल्लीत. या भागात लग्न होऊन आलेल्या बाईला तिच्या माहेरच्या गावाने हाक मारतात. सासरी तिचं नाव मागे पडतं आणि माहेर तेवढं उरतं. आमगाववाली म्हणजे आमगावची लेक, आणि म्हणूनच ती आमगावात नसणार, हे इथल्या कुणालाही न सांगता कळतं. गाडी घेतल्यापासून पहिल्यांदाच केवलरामला पत्ता आपोआप ठाऊक होता. त्याने मॅडमला सुरूसुद्धा केलं नाही.

मिलच्या मागची जमुनाबाई कोंबड्यांना कणी टाकत होती. डोळ्यांच्या दवाखान्यातून गाडी आली म्हटल्यावर तिने हात झटकले. मागे शिबिरात तिनेही नाव दिलं होतं. “आला का बापा माहा नंबर? मले त वाटलं मी मेल्यावर येईन,” असं म्हणत नवं लुगडं नेसून ती पुढच्या सीटवर बसली.

दवाखान्यात कैलाशने तिच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे, मग केवलरामकडे.

“ये कौन है?”

“आमगाववाली जमुनाबाई.”

“अरे काका, आमगाव की जमुनाबाई! जो आमगाव में रहती है!”

केवलरामला आपली चूक कळली. कैलाश गोंदिया शहरात हिंदीत वाढलेला. त्याच्या तोंडी ‘आमगाववाली’ म्हणजे आमगावात राहणारी. शब्द तोच, पण एकाच्या तोंडून तो गावाकडे जात होता आणि दुसऱ्याच्या कानात गावापासून दूर. मॅडमला नुसतं ‘आमगाव’ सांगितलं असतं, तर ती मुकाट्याने आमगावला घेऊन गेली असती. तिला माहेर-सासर ठाऊक नव्हतं.

“त्यांचा फोन लागत नाही,” कैलाश म्हणाला. “आता जाऊन आणता येईल का?”

“आणतो,” केवलराम म्हणाला आणि धावत गाडीकडे आला. जमुनाबाई त्याच्या आधीच येऊन बसली होती.

“तू उतर, माय. तुले मंग नेतो.”

“काऊन उतरू? आमगावले जाऊन राहिला ना? माहेर हाय माहं. मिलच्या मागचं घर मी डोळे झाकून दाखवतो.” आणि मग स्वतःच म्हणाली, “झाकले काय न उघडे काय, दिसते तेवढंच.”

वाद घालायला वेळ नव्हता. त्याने मॅडमला आमगाव सांगितलं आणि गाडी काढली. मॅडम न चुकता नेत होती. केवलरामचे खांदे जरा सैल पडले. मग ती म्हणाली, ‘दाएँ मुड़ें’. त्याने वळण घेतलं, आणि थोडं पुढे जाऊन रस्ता संपला. जिथे रेल्वेचं फाटक होतं तिथे भिंत उभी होती. भिंतीच्या वरून, लांब, नव्या पुलावरून ट्रक जात होते. पुलाकडे जायचं वळण मागेच राहून गेलं होतं.

‘सीधे चलें,’ मॅडम म्हणाली.

“इले दिसत नाई का भित?” जमुनाबाईने विचारलं.

“जुनी हाय थे. तिच्या वेळी फाटक होतं.”

“मंग सांग ना तिले.”

“सांगता येत नाई. पैसे भरा लागते.”

जमुनाबाईला हे फार नवलाचं वाटलं. “म्हंजे खरं सांगाचं असन त आपूनच पैसे द्याचे?”

केवलरामला हसू आलं, पण तो घाईघाईने गाडी मागे घेऊ लागला. सूर्य वर चढत होता. भुपेंद्रचं म्हणणं त्याला आता भिंतीएवढं स्पष्ट दिसत होतं: नवीन पूल पाहिजे असेल तर घ्या.

आमगावात शिरल्यावर जमुनाबाई सीटवर पुढे सरकली. “आता हिले चूप कर. मी सांगतो. मिलच्या अंगाले चिचेचं मोठं झाड, तेथून डावीकडं.” गाडी हळूहळू चालली. मिल आली. चिंच आली नाही. तिथे रंगाचं आणि नळांच्या पाइपांचं दुकान होतं. “पुढं असन,” ती म्हणाली. पुढेही नव्हती. डावीकडे वळायला गल्लीच राहिली नव्हती, दुकानाची भिंत लांबपर्यंत गेली होती. तिने काच खाली केली आणि डोळे किलकिले करून बाहेर पाहत राहिली. केवलराम पडद्याकडे पाहत होता. तिथेही बाण थांबला होता.

“माय, तूबी जुनीच हायेस वो,” तो हळूच म्हणाला.

“हो बापा,” ती म्हणाली. “भाऊ वारला तवापासून आलीच नाई ना. कोणाकडं येऊ?”

 मग तिनेच खिडकीतून दुकानदाराला हाक मारली. विचारताना तिला कसलीच लाज नव्हती. “काहो भाऊ, जमुनाबाईचं घर कोणतं?”

“कोणती जमुनाबाई?”

“आता मी का सांगू? मीच एक जमुनाबाई हावो.”

दुकानदाराने मान हलवली. गल्लीतल्या दोघी-तिघींनीही हलवली. या गावात जमुनाबाई नावाचं कुणी नव्हतंच जणू. केवलराम उतरला. आयुष्यात पहिल्यांदा तो भर रस्त्यात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारत होता. “मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे आज कोणाचं? गोंदियाले जायचं होतं, गाडीची वाट पाहत असन कोणी?”

नळावरची एक बाई वळली. “असं सांगा ना! बिरसीवाली! थे त सकाळपासून ओट्यावर बसून राहिली. जमुनाबाई म्हणाल त कोणाले समजन?”

आमगावात राहणाऱ्या जमुनाबाईचं माहेर बिरसी. म्हणून आमगावात ती बिरसीवाली. कैलाशच्या कागदावरचं तिचं नाव खरं होतं, पण तिच्या स्वतःच्या गल्लीत ते कुणाच्या कामाचं नव्हतं.

बिरसीवाली पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. “लय उशीर केला,” एवढंच म्हणाली आणि मागे बसली. परतताना केवलरामने मॅडमला बंदच ठेवलं आणि पुलापाशी एका ट्रकवाल्याला काच खाली करून विचारलं. मग पुढे आणखी एकदा विचारलं. दोघी जमुनाबाया मागे-पुढे बसून बोलत होत्या.

“चिच कोणी तोडली वो?”

“कोणती चिच?” बिरसीवाली म्हणाली. “मी आली तवा नवती.”

दवाखान्याच्या दारात डॉ. प्रेरणांची गाडी सुरू होऊन उभी होती. त्यांनी दोघींना उतरताना पाहिलं. केवलरामने काय झालं ते सांगितलं, काही लपवलं नाही. नकाशातल्या मॅडमला दोष दिला नाही. फाटकाचं सांगितलं आणि आपल्या चुकीचंही. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं आणि ड्रायव्हरला गाडी बंद करायला सांगितली. “कैलाश, यांना आत घे. आणि या दुसऱ्या बाईंचेही डोळे तपासून ठेव.” मग केवलरामकडे वळल्या. “विक्की तुमच्या आधी एक दिवस येऊन गेला. तो वेळेवर आला होता. पेशंटने फोन उचलला नाही म्हणून त्याला तसंच सोडून आला.” एवढं बोलून त्या हात धुवायला गेल्या.

दवाखान्याचं काम मिळालं आणि दुसऱ्या आठवड्यात केवलरामने अपडेट घेतलं. दर वर्षीचं नाही, एकदाच. भुपेंद्रला त्याने सांगितलं, मिलचे चाळणे आपण दर हंगामात बदलत नव्हतो, भोकं मोठी झाली की बदलायचो. नकाशाचीही भोकं मोठी झाली की येईन. भुपेंद्र म्हणाला, तुम्हाला कळणार कसं? केवलराम म्हणाला, भिंत आली की कळते.

घरापुढे गाडी सुरू ठेवून तो पडद्यावरची निळी पट्टी हळूहळू सरकताना बघत होता. ‘गाड़ी बंद न करें’ अशी ओळ खाली होती. तेवढ्यात फोन वाजला.

“काका, उद्या सकाळी,” कैलाश म्हणाला, “गोरेगाववाली शामकलाबाई.”

“राहते कुठी?”

“अरे, गोरेगाववाली बोला ना मैंने.”

“आयकलं. राहते कुठी? न गल्लीत तिले का म्हणतात?”

फोनमध्ये कागद चाळल्याचा आवाज आला. मग कैलाशने दूर कुणाला तरी हाक मारली, “अरे, वो शामकलाबाई का मायका कौनसा है, पूछो ना कोई!” केवलराम फोन कानाला लावून थांबला. पडद्यावर पट्टी अजून अर्धीच भरली होती.