आत्याच्या जीपची मोठी चाकं

आमच्या आत्याला आम्ही भावंडं तिच्या पाठीमागे ‘फौजदार’ म्हणायचो. दारात आलेल्या वस्तूची आधी उलटतपासणी व्हायची, मगच तिला घरात प्रवेश मिळायचा. माणसांचंही तसंच. कुणी विनाकारण गोड बोललं की आत्या चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता ऐकून घ्यायची, आणि तो माणूस फाटकाबाहेर पडला की मला म्हणायची, “कुठेतरी पाणी मुरतंय.”

पण तिला हसण्याआधी तिचा धंदाही बघायला हवा. ती मधमाश्या पाळायची. थंडीत मध बरणीच्या तळाशी गोठतो, दाणेदार होतो. त्यात खोट काही नसते, पण गिऱ्हाईक बरणी परत आणून ओट्यावर आपटायचं. “बाई, साखर दिसतेय की ही!” जिच्याकडे लोकांनी जन्मभर अशा नजरेनं पाहिलं, तिची नजरही तशीच झाली तर नवल काय?

आतोबा सुतार होते. माश्यांच्या पेट्या तेच बनवायचे, आणि त्या डोंगरावर न्यायला त्यांनी कुठल्याशा धरणाच्या कामावरून मोडीत निघालेली जीप घेतली होती. आत्या शेजारी बसून त्यांच्या प्रत्येक गिअरवर शंका काढायची. शेवटी वैतागून आतोबांनी एक दिवस गाडी थांबवली, खाली उतरले आणि म्हणाले, “ये, तूच चालव.” तेव्हापासून तीच चालवत होती. आतोबा गेल्यावरही तिनं पेट्या सोडल्या नाहीत आणि जीपही सोडली नाही. मी त्या काळात तिच्याकडे राहून एका शिवणकामाच्या कारखान्यात नोकरी करत होते. सुट्टीच्या दिवशी तिच्याबरोबर डोंगरावर जायचे.

आतोबांच्या धाकट्या भावाचं फाट्यावर टायरचं दुकान होतं. मी त्यांना काका म्हणायचे. आत्याचं आणि त्यांचं फाटलेलं होतं, आणि त्याला कारण एकच वाक्य. आतोबांना जाऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा काका ओसरीवर बसून म्हणाले होते, “वहिनी, आता जीपचं काय करणार?” आत्या तडक उठली. आत जाऊन किल्ली पदराला बांधली. त्यानंतर दोघं लग्नकार्यात समोरासमोर आले की ‘बरं आहे ना?’ ‘बरं आहे’ यापुढे गाडी जायची नाही.

आणि मग एका सकाळी काका आपणहून फाटकाशी आले. डोंगराचा रस्ता त्या वर्षी फारच उखडला होता. ट्रकांनी पाडलेल्या चाकोऱ्या इतक्या खोल झाल्या होत्या, की जीपचं पोट मधल्या उंचवट्याला घासायचं आणि मागच्या पेट्यांतल्या माश्या चवताळायच्या. एकदा तर गाडी पोटावर टेकली आणि चारी चाकं नुसती गरगर फिरत राहिली. हे काकांच्या कानावर गेलं असावं.

“वहिनी, माझ्याकडे मोठ्या गाडीचे टायर आलेत. रिमसकट. रबर अजून छान आहे. जीपला बसवून देतो. चार बोटं उंच होईल गाडी, पोट घासणार नाही.”

“आणि तुम्हाला काय हवं?”

“काही नको.”

हे उत्तर आत्याला मुळीच आवडलं नाही. काहीतरी मागितलं असतं तर तिची निम्मी काळजी मिटली असती. ती रात्री जेवताना मला म्हणाली, “इतकी वर्षं ज्यानं हवा भरून दिली नाही, तो आज टायर देतोय. मांजर डोळे मिटून दूध प्यायला लागलं की समजावं, त्यानं आपल्याला आधीच पाहून ठेवलंय.” पण पेट्या तर वर पोचवायच्या होत्या. दोन दिवस चरफडत तिनं काढले आणि तिसऱ्या दिवशी जीप फाट्यावर नेली.

दुकानासमोर खुर्ची टाकून ती बसली ती काम संपेपर्यंत उठली नाही. काकांनी जॅक लावला, जुनी चाकं उतरवली. नवी शेजारी उभी केली तर ती थेट कमरेपर्यंत आली, आणि रुंदीला जुन्यांच्या दीडपट. पुढचं चाक बसवून स्टिअरिंग वळवलं तर टायर मडगार्डच्या कडेला अडला.

“थोडा पत्रा कापावा लागेल,” काका म्हणाले.

आत्या उभी राहिली. “टायर बसवायचे ठरले होते. गाडी कापायची नव्हती ठरली.”

“वहिनी, कडच तेवढी. नाहीतर वळणावर घासेल.”

“नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच,” ती म्हणाली. पण किती कापायचं ती रेघ तिनं स्वतः खडूनं मारून दिली आणि काकांना रेघेबाहेर करवत नेऊ दिली नाही. सगळं झाल्यावर काकांनी तिच्यासमोर स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून दाखवलं. कुठेच काही लागत नव्हतं. नट त्यांनी आवळले, मग पाना आत्यानं घेतला आणि पुन्हा एकेक आवळून पाहिला. काका दुसरीकडे बघत कपड्याला हात पुसत राहिले. जुनी चाकं मात्र तिनं जीपच्या मागच्या बाजूला टाकून घरी आणली. “ती इथे राहिली की झालंच.”

गाडी उंच झाली खरी. चढताना आत्याला दाराची दांडी धरून हिसका द्यावा लागायचा, आणि स्टिअरिंग जड झाल्यामुळे वळणावर ती दात खायची. पण चाकोऱ्या तिनं रुबाबात पार केल्या. मला वाटलं, आता ही बाई एकदा तरी काकांचं नाव चांगल्या शब्दांत घेईल.

तिनं घेतलं ते असं: “तुझ्या काकानं मीटरमध्ये हात घातलाय.”

घरापासून डोंगरावरच्या पेट्यांपर्यंत मीटरवर अठरा किलोमीटर पडायचे. आता सोळाच पडत होते. रस्ता तोच, गाडी तीच. आत्याचा हिशोब सरळ होता. मीटर हळू केला म्हणजे गाडी कुणी चोरून फिरवली तरी कळायचं नाही. त्याच संध्याकाळी तिनं अंगणात उभ्या जीपच्या टायरवरून खाली फरशीपर्यंत खडूची एक रेघ ओढली. गाडी तसूभर हलली तर रेघ तुटणार. दोन दिवसांनी रेघ गायब! आत्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी सकाळीच अंगण धुतलं होतं हे सांगितलं, तर तिनं माझ्याकडेही जरा जास्तच वेळ पाहिलं.

त्यानंतरच्या सुट्टीला आम्ही पेट्यांतल्या मधानं भरलेल्या चौकटी घेऊन डोंगर उतरत होतो. मागे वजन भरपूर. अर्ध्या उतारावर एक आडवं वळण आहे, तिथे डावीकडचं चाक मोठ्या दगडावर चढलं, आत्यानं स्टिअरिंग पूर्ण वळवलं, गाडी दणकन खाली बसली आणि पुढे निघाली. पुढच्या वळणाला तिनं ब्रेक दाबला. तिचा पाय तळाला टेकला. गाडी तशीच धावत राहिली.

“घट्ट धर,” एवढंच ती म्हणाली. आवाज चढला नाही. खाडकन गिअर उतरवला, इंजिन ओरडलं, हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढला आणि गाडी दरीच्या बाजूला न जाऊ देता डोंगराच्या मऊ मातीत घातली. मातीत नाक खुपसून जीप थांबली. मागे चौकटी कोसळल्या. आत्या उतरली, गुडघ्यांवर बसली आणि पुढच्या चाकामागे बघत राहिली. आतून तेल गळत होतं. चाकाकडे जाणारी ब्रेकची रबरी नळी फाटलेली होती.

“फाटलेली नाही,” ती म्हणाली. “कापलीये.”

मग तिनं मागच्या चाकाला दगड लावला.

खाली निघालेल्या एका ट्रॅक्टरवाल्यानं काकांना निरोप दिला. काका मोटारसायकलवरून धापा टाकत आले. आधी त्यांनी आम्हा दोघींना न्याहाळलं, कुठे लागलंय का ते विचारलं. आत्या रस्त्यात उभी होती.

“भाऊजी, जीप हवी होती तर मागायची होती. माझा जीव घ्यायची काय गरज होती?”

काकांचा चेहरा पांढरा पडला. मग ते गाडीखाली पाठीवर सरकले. बराच वेळ त्यांचे फक्त पाय दिसत होते.

“वहिनी, स्टिअरिंग पूर्ण वळवा,” खालून आवाज आला.

“कशाला?”

“वळवा तर खरं.”

आत्यानं मलाच वर बसवलं आणि स्वतः चाकाशी वाकली. मी वळवलं. काकांनी बाहेर येऊन बंपरवर आपलं सगळं वजन टाकलं आणि गाडी खाली दाबली. टायरची आतली कड हळूच सरकत आली आणि नळी जिथे फाटली होती, बरोब्बर त्याच जागी टेकली. टायरच्या त्या कडेवर एक चकचकीत पट्टा घासून घासून उमटला होता. अनेक दिवसांचा.

“दुकानात गाडी रिकामी होती,” काका म्हणाले. “सपाट जमिनीवर वळवून पाहिली, लागलं नाही. माल भरल्यावर, चाक दगडावर चढल्यावर काय होईल ते मी पाहिलंच नाही. कापली कुणी नाही वहिनी. पण चूक माझीच. तुमच्या जिवावर बेतली होती.”

आत्या त्या पट्ट्यावरून बोट फिरवत राहिली. मग बोट लुगड्याला पुसत म्हणाली, “आणि मीटर?”

“मीटर?” काकांना कळेना. कळलं तेव्हा म्हणाले, “चाक मोठं झालं की एका फेऱ्यात जास्त अंतर जातं. मीटर फेरे मोजतो, रस्ता नाही.”

पण फौजदार ती फौजदारच. “ठीक आहे. पण फुकट का बसवलेत ते सांगा. खरं सांगा.”

काका रस्त्याच्या कडेला बसले. “जीप मला हवी होती. दादाबरोबर मी तिचं इंजिन तीनदा उघडलंय. तो गेल्यावर मी विचारलं ते त्यासाठीच. आजही हवी आहे. वाटलं, तुम्ही कधीतरी चालवणं थांबवाल, तेव्हा हिचं काही बरं केलेला माणूस आठवेल. एवढंच होतं मनात. याहून चांगलं नव्हतं, आणि तुम्ही म्हणता तेवढं वाईटही नव्हतं.”

मला वाटलं, आता भडका उडणार. आत्या मात्र हसली. एवढ्या वर्षांत तिच्या संशयाला कुणी समोरून ‘हो, बरोबर आहे’ म्हटलंच नव्हतं.

“म्हणजे पाणी मुरत होतं,” ती समाधानानं म्हणाली. “फक्त मी खणत होते दुसरीकडे.”

जीप त्याच ट्रॅक्टरला दोरानं बांधून खाली नेली. काकांनी नळी बदलली, ती आत ओढून धातूच्या पट्टीनं बांधली. मोठी चाकं काढून जुन्यापेक्षा जराशीच उंच अशी अरुंद चाकं बसवली. या वेळी आत्यानं दुकानात जीपमध्ये विटा भरायला लावल्या, एक चाक ओंडक्यावर चढवायला लावलं आणि मगच स्टिअरिंग फिरवून घेतलं. काकांनी एका शब्दानं कुरकुर केली नाही. काकू, म्हणजे आत्याची जाऊ, मात्र चहा न विचारता आत निघून गेल्या. खुनाचा आरोप त्यांच्यापर्यंत पोचला होता, आणि तो त्यांनी पुढे कधीच माफ केला नाही. त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही.

पुढची चार वर्षं आत्यानं जीप चालवली. मग गुडघ्यांनी पेडल दाबायला नकार दिला. तेव्हा तिनं काकांना बोलावून किल्ली दिली. अट एकच, पेट्या वर नेताना ती शेजारी बसणार. काका कबूल झाले. पहिल्याच चढावर तिनं त्यांना विचारलं, “दुसरा गिअर का टाकलात?” आणि फाट्यापर्यंत परत येईस्तोवर ते दोघं त्याच गिअरवर भांडत होते.